चिंचवडच्या समाधी मंदिरातला एक सोमवार

संशोधनाच्या पहिल्या वर्षात एक प्रश्न हमखास छळतो. जुन्या पुस्तकातला आकडा तसाच उचलायचा, की तपासायचा? आणि तपासायचा तर कशाने? मूळ मोजणी करणारा माणूस केव्हाच गेलेला असतो. माझा विषय भौतिकशास्त्र, पण या प्रश्नाचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण प्रयोगशाळेतलं नाही. ते चिंचवडगावात पवनेच्या काठावर आहे.

मोरया गोसावींचं समाधी मंदिर पिंपरी-चिंचवडमधल्या कुणाला सांगायला नको. संकष्टीची रांग, भाद्रपदात आणि माघात मोरगावला निघणारी मंगलमूर्तींची पालखी, आणि पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की थेट मंदिरात शिरणारी पवना, हे सगळ्यांच्या ओळखीचं. मी तिथे दर्शनाला कितीदा तरी गेले असेन. वही घेऊन मात्र एकदाच गेले, आणि ती गोष्ट सांगायची आहे.

सुरुवात झाली १८८५ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरपासून. त्याचा अठरावा खंड पुणे जिल्ह्याचा. चिंचवडच्या नोंदीत मंदिराचं थोडक्यात वर्णन आहे, चौकोनी मंडप आणि अष्टकोनी गाभारा असलेलं साधं बांधकाम असं, आणि तिथल्या लेखाचा इंग्रजी तर्जुमाही दिलेला आहे. त्यातून हाती लागते ती माहिती अशी: काम सुरू झालं कार्तिक शुद्ध १२, शके १५८०, विलंबी संवत्सर या दिवशी, पुरं झालं आषाढ शुद्ध ४, शके १५८१, विकारी संवत्सर, सोमवारी.

एवढंच. पण नीट बघा, या दोन ओळींत गरजेपेक्षा जास्त माहिती आहे. नुसतं शके १५८१, आषाढ शुद्ध ४ म्हटलं असतं तरी दिवस ठरला असता. वर संवत्सराचं नाव दिलं आणि वारही दिला. तुमच्या आधार क्रमांकातला शेवटचा अंक असाच ‘जास्तीचा’ असतो. तो आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो, म्हणून आकडा टाकताना चूक झाली की यंत्राला लगेच कळतं. जुने लेख लिहिणाऱ्यांच्या डोक्यात हा विचार असेलच असं नाही, पण पंचांगाच्या सवयीने त्यांनी आपल्यासाठी तपासणीची सोय करून ठेवली आहे.

आधी सोपी तपासणी. संवत्सरांची नावं साठ, प्रभवपासून क्षयपर्यंत. आपल्याकडच्या दक्षिणी पद्धतीत ती दरवर्षी क्रमाने बदलतात, त्यामुळे शकाशी त्यांचं नातं पक्कं आहे: शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो नावाचा क्रमांक. (उत्तर भारतातल्या पद्धतीत हे गणित बसत नाही. तिकडचा लेख असेल तर हे सूत्र वापरू नका.) २०२५ च्या गुढीपाडव्याला शके १९४७ सुरू झालं. १९४७ आणि १२ म्हणजे १९५९, बाकी ३९, एकोणचाळिसावं नाव विश्वावसु. घरच्या दिनदर्शिकेत तेच होतं. आता १५८० घ्या. १५९२ ला ६० ने भागलं की बाकी ३२, बत्तिसावं नाव विलंबी. पुढचं ३३, विकारी. दोन्ही जुळली.

म्हणजे काय सिद्ध झालं? शकाचा आकडा वाचताना, उतरवताना, भाषांतर करताना किंवा छापताना एखादा अंक इकडचा तिकडे झाला असता, तर बहुतेक वेळा इथेच पकडला गेला असता. ‘बहुतेक वेळा’ म्हणते, कारण चूक नेमकी साठाच्या पटीत असली तर ही चाळणी तिला सोडून देते. समजा मूळ आकडा १५२० असता आणि कुणी तो १५८० वाचला असता, तरी संवत्सर विलंबीच येतं. तिथे वार मदतीला येतो. साठ वर्षं मागे गेलं की त्याच तिथीचा वार एक-दोन दिवसांनी सरकतो.

तेव्हा वार काढायला बसले, आणि पहिल्याच फटक्यात तोंडघशी पडले.

शके १५८१ चा आषाढ म्हणजे १६५९ चा जून-जुलै. शकात ७८ मिळवून इसवी सन काढायचं, आणि तिथी एक जानेवारीनंतरची असेल तर ७९. एका खगोलशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये त्या वर्षीची अमावास्या बघितली. ती आली २० जूनच्या पहाटेच्या आधी, मध्यरात्र उलटल्यावर तासाभराच्या आत. तिथून चौथी तिथी म्हणजे साधारण २३ जून. आता २३ जून १६५९ ला वार कोणता? हे मी हाताने केलं. १ जानेवारी २००० हा शनिवार होता, तिथून मागे दिवस मोजत गेले. उत्तर आलं शुक्रवार.

दोन दिवस मी या शुक्रवारावर फार खूश होते, हे कबूल करते. गॅझेटियरमधली चूक! सव्वाशेहून जास्त वर्षं कुणाच्या लक्षात न आलेली! लेखाचा मथळासुद्धा ठरवून ठेवला होता. सुदैवाने तो लिहायच्या आधी गणित दुसऱ्या कागदावर पहिल्यापासून पुन्हा मांडलं. दर चार वर्षांनी एक असे ८५ लीप दिवस मी धरले होते. १७००, १८०० आणि १९०० ही वर्षं लीप नव्हती हे विसरले होते. खरे लीप दिवस ८२. मग २३ जून १६५९ ते १ जानेवारी २००० हे अंतर भरतं १,२४,३७४ दिवस. सातने भागल्यावर बाकी ५. शनिवारच्या मागे पाच दिवस म्हणजे सोमवार.

चूक माझी होती, गॅझेटियरची नव्हती. तुमचं उत्तर जुन्या नोंदीशी जुळत नसेल तेव्हा आधी कोणावर संशय घ्यायचा, हे यापेक्षा स्वस्तात शिकता येईलसं वाटत नाही.

जाता जाता एक खाच सांगते. त्याच काळातली सुरतेच्या इंग्रज वखारीची पत्रं वाचाल, तर त्यांचा दिनांक आपल्या आजच्या दिनांकाच्या दहा दिवस मागे असेल. इंग्रजांनी जुनी ज्युलियन दिनगणना १७५२ पर्यंत सोडली नव्हती. आपला २३ जून त्यांच्या कागदावर १३ जून. पण वार दोन्हीकडे सोमवारच. दिनांकाच्या पद्धती बदलतात, आठवड्याची माळ मात्र तुटत नाही. जुन्या नोंदीतला वार इतका मोलाचा असतो तो यामुळेच.

इथे थांबले असते तर लेख छान गोल झाला असता. पण ‘साधारण २३ जून’ हे मला टोचत होतं. तिथी काही चोवीस तासांची नसते. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी, आणि चंद्राचा वेग सारखा नसतो. तो पृथ्वीपासून लांब असताना हळू चालतो, मग तिथी लांबते. १६५९ च्या त्या अमावास्येला चंद्र जवळजवळ त्याच्या कक्षेच्या सगळ्यात दूरच्या टोकाला होता. म्हणून बारीक हिशोब करावा लागला. आधुनिक सूत्रांनी आलेलं उत्तर असं: चतुर्थी लागली सोमवारी २३ जूनला सकाळी साडेसातच्या सुमारास, आणि संपली मंगळवारी सकाळी नऊच्या आसपास. या वेळा आजच्या भारतीय प्रमाणवेळेत.

पंचांगात दिवसाला नाव मिळतं ते सूर्योदयाच्या तिथीवरून. सोमवारी सूर्योदय सहाच्या सुमारास, तेव्हा अजून तृतीया होती. मंगळवारी सूर्योदयाला चतुर्थी. म्हणजे नेहमीच्या नियमाने आषाढ शुद्ध ४ हा मंगळवार!

ढोबळ गणित जुळलं, बारीक गणित हुकलं. संशोधनात हे होतं तेव्हा दोन वाटा फार मोहाच्या असतात. पहिली, ढोबळ उत्तरच ठेवून द्यायचं, कारण ते हवं तसं आहे. दुसरी, ‘एक दिवस इकडे-तिकडे चालायचंच’ म्हणायचं. दुसरी वाट सभ्य दिसते, पण तिची किंमत बघा. वार निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता सातात एक. एक दिवस मागे आणि एक दिवस पुढे चालेल म्हटलं, की ती सातात तीन होते. मग परीक्षा जवळपास नाणेफेकीच्या पायरीवर येते, आणि ‘जुळलं’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

याच टप्प्यावर मी वही घेऊन मंदिरात गेले. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. मंडपात एका कडेला बसून कागद पुढे-मागे करत होते, तर शेजारी जप करत बसलेल्या एका काकांनी विचारलं, “काय अभ्यास चाललाय, बाळ?” सांगितलं. चतुर्थी सोमवारी सकाळी लागते, सूर्योदयाला नव्हती, म्हणून अडलंय. ते हसले. म्हणाले, “गणपतीची चतुर्थी ना? मग सकाळ कशाला बघतेस? गणपतीला दुपारची चतुर्थी लागते.”

खरंच की. दर महिन्याची विनायकी चतुर्थी मध्यान्हाला चतुर्थी असेल त्या दिवशी धरतात. भाद्रपदातल्या गणेश चतुर्थीलाही हाच नियम, आणि त्यामुळेच कधी कधी ती पंचांगातल्या तृतीयेच्या दिवशी येते. कमलाकर भट्टांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ मधला. अशा निर्णयांची चर्चा त्या काळी चांगली रुजलेली होती. सोमवारी २३ जूनला भर दुपारी चतुर्थी होती. मंगळवारी दुपारी पंचमी. म्हणजे त्या महिन्याची विनायकी चतुर्थी सोमवारीच. गणपतीच्या थोर उपासकाच्या समाधीवरचं मंदिर पुरं झाल्याचा दिवस विनायकी चतुर्थीचा धरला असेल, तर लेखातला सोमवार चोख आहे.

मला त्या काकांचा हेवा वाटला, हे वेगळं सांगायला नको. दोन आठवडे माझ्याकडे सूत्रं होती आणि त्यांच्याकडे नियम होता.

पण आता जरा सावध व्हा. हा नियम जुना असला तरी मी तो निकाल बघून झाल्यावर उचलला. नेहमीचा नियम लागू पडला असता तर मी दुपारच्या चतुर्थीचा विचारही केला नसता. उत्तर आधी आणि नियम नंतर, हा क्रम कितीही चांगल्या नियमाला थोडा संशयास्पद करतो. शिवाय १६५९ मध्ये चिंचवडला जे पंचांग वापरात असेल ते माझ्या सूत्रांवर चालणारं नव्हतं. महाराष्ट्रात तेव्हा गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’सारख्या करणग्रंथांवरून पंचांगं केली जात. तो ग्रंथ १५२० चा. अशा पंचांगांतली तिथीची वेळ आजच्या गणितापेक्षा काही तासांनी वेगळी येऊ शकते. त्या दिवशी प्रश्न दीडच तासाचा होता, तेव्हा त्यांच्या पंचांगात चतुर्थी सूर्योदयाआधीच लागलेली असणंही शक्य आहे. दोन्ही स्पष्टीकरणांनी सोमवारच येतो. कुठलं खरं, हे या एका लेखावरून ठरत नाही. ठरवायचं तर गणपतीच्या देवळांतले चतुर्थीचे आणखी लेख गोळा करायचे, नियम आधी कागदावर लिहून ठेवायचा आणि मगच वार तपासायचे. पदव्युत्तर प्रकल्पासाठी शोधत असाल तर हा विषय घ्या, माझी हरकत नाही.

तारखा पक्क्या झाल्यावर मला त्यांच्यातलं अंतर जास्त आवडायला लागलं. कार्तिक शुद्ध १२ म्हणजे प्रबोधिनी एकादशीचा दुसरा दिवस, नोव्हेंबर १६५८ चा पहिला आठवडा. आषाढ शुद्ध ४ म्हणजे आषाढी एकादशीच्या आठवडाभर आधी. सगळं काम दोन चातुर्मासांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसतं. साडेसात महिने, तेही नदीकाठी. पाऊस ओसरल्यावर पाया घ्यायचा आणि नदी पुन्हा फुगायच्या आत हात झाडून मोकळं व्हायचं. चाकणच्या एखाद्या कारखान्याची शेड बांधणारा कंत्राटदार आजही हेच वेळापत्रक मांडेल. धर्म आणि पावसाळा इथे एकाच बाजूला ओढतात, त्यामुळे मुहूर्त बघितला की हवामान, असा प्रश्नच बहुधा पडला नसेल. आणि त्यांनी वेळही बरी साधली. त्याच १६५९ च्या नोव्हेंबरात प्रतापगड झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात शाइस्ताखान पुण्यात उतरला. १६६० च्या पावसाळ्यात चाकणच्या संग्रामदुर्गाला त्याचा वेढा पडला होता आणि फिरंगोजी नरसाळा तो दीड महिन्यावर लढवत होते.

आता ज्यासाठी बहुतेक लोक या तारखांकडे येतात तो प्रश्न. मोरया गोसावी कधी होऊन गेले? परंपरा समाधीचं वर्ष १५६१ मानते आणि संजीवन समाधीचा उत्सव त्यानुसारच मोजला जातो. अभ्यासकांची मतं मात्र तेराव्या-चौदाव्या शतकापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पसरलेली आहेत. दंतकथा त्यांना हुमायूनशी जोडतात, शहाजीराजांशी जोडतात आणि शिवरायांशीही. हुमायून १५५६ मध्ये वारला आणि शिवरायांचा जन्म १६३० चा, तेव्हा सगळ्या कथा एकदम खऱ्या असू शकत नाहीत.

आपण तपासलेली तारीख यात काय मदत करते? थोडीच. मंदिर १६५९ चं आहे, म्हणजे समाधी त्याआधीची. किती आधीची, ते इमारत सांगत नाही. दगड मंदिराचा आहे, माणसाचा नाही. हा फरक वाचताना बाळबोध वाटतो, पण वास्तूची तारीख व्यक्तीला चिकटवण्याची चूक अगदी जाणती माणसंही करतात.

खरी मेख दुसरीकडे आहे. मंदिराचं काम चिंतामणी महाराजांनी सुरू केलं असं सांगतात. मोरयांच्या मुलाचं नाव चिंतामणी. पण या घराण्यात चिंतामणी, नारायण, धर्माधर ही नावं पुन्हा पुन्हा येतात, आजोबाचं नाव नातवाला द्यायच्या आपल्या पद्धतीप्रमाणे. १६५८ चे चिंतामणी म्हणजे मुलगा असेल, तर वडील सतराव्या शतकाच्या जवळ ओढले जातात. मोरयांच्या पणतूचं नावही चिंतामणीच होतं. ते असतील तर १५६१ सहज बसतं. म्हणजे वाद वरवर तारखेचा दिसतो, पण अडतो तो एका नावाच्या दोन माणसांवर, आणि तिथे माझी चंद्राची सूत्रं काही कामाची नाहीत. तिथे सनदा, वंशावळी आणि इनामाचे कागद वाचणारा माणूस लागतो. माझा कल पणतूकडे आहे. मुलगा मानायचा तर वडिलांच्या समाधीनंतर सत्त्याण्णव वर्षांनी त्याने काम काढलं असं म्हणावं लागेल, नाहीतर १५६१ सोडावं लागेल. पण हा कल आहे, निष्कर्ष नाही.

शेवटी थोडं तिथे जाऊन अभ्यास करण्याबद्दल. ही वास्तू वापरात आहे, संग्रहालयात नाही. वापरातल्या वास्तू त्यामुळेच टिकतात. इंग्लंडमध्ये ट्यूक्सबरीचा मध्ययुगीन मठ राजाज्ञेने बंद झाला, तेव्हा गावकऱ्यांनी ४५३ पौंड मोजून त्याचं चर्च विकत घेतलं, कारण तिथे त्यांची रोजची प्रार्थना होत होती. ते आजही गावाचं चर्च आहे. पण वापर म्हणजे बदलही. रंग, फरशा, दुरुस्त्या, दिवे, नवी दारं. समोर दिसणारा प्रत्येक दगड १६५९ चा आहे असं समजून मोजमाप घेऊ नका. लेखातली तारीख त्या वर्षीच्या कामाची, नंतरच्या डागडुजीची नाही.

फोटो किंवा मोजमाप घ्यायचं असेल तर आधी कार्यालयात विचारा, आणि गाभाऱ्याच्या रांगेत वही उघडून उभे राहू नका. संकष्टी, अंगारकी आणि मार्गशीर्षातल्या उत्सवाचे दिवस टाळा. पावसाळ्यात निघायच्या आधी पवना धरणातून पाणी सोडलंय का ते बघा. साध्या दिवशी दुपारी गेलात तर मंडपात निवांत बसता येतं, आणि कुणी विचारलंच काय अभ्यास चाललाय, तर नीट सांगा.